पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच कोण?

कर्जत-खालापूरकडे बांधावरून वाद निघाला की ‘जुन्या माणसांना विचारा’ असे आजही म्हणतात. पण दोन जुनी माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागली, तर खरे कोणाचे मानायचे? मतांची प्रतवारी लावण्याचा हा प्रश्न फार जुना आहे, म्हणून हा धागा.

शास्त्राचे उत्तर याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने तिच्यावर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि महाराष्ट्रात ती शतकानुशतके प्रमाण ठरली. स्मृतीतला नियम असा : साक्षीदारांत दुमत झाल्यास बहुतांचे वचन घ्यावे, दोन्ही पक्ष सारखे असल्यास गुणवंतांचे, गुणवंतांतही फूट पडल्यास त्यांतील सर्वाधिक गुणवंतांचे. आधी संख्या, मग योग्यता.

परंतु मोजणीपूर्वीच दारात चाळणी होती. स्त्री, बालक, वृद्ध, जुगारी, नट, खोटे दस्त करणारा, पक्षकाराचा मित्र, त्याचा शत्रू, चोर, यांची साक्ष अग्राह्य. मित्र आणि शत्रू वगळणे समजू शकते. पण निम्मे गाव केवळ स्त्री म्हणून गप्प बसवायचे? गंमत म्हणजे चोरी, मारहाण, व्यभिचार, बळजोरी अशा प्रकरणांत कोणाचीही साक्ष चाले. म्हणजे चाळणी बाजूला ठेवता येते, हे स्मृतिकारालाही ठाऊक होते. (आणि शास्त्राने वगळलेल्या वृद्धालाच गाव आधी विचारते, हेही खरेच.)

मराठी अमदानीत गावचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत, पक्षकारांच्या तकरिरी घेत, साक्षी ऐकत आणि निवाड्याचा महजर लिहीत. ‘महजर’ आणि आपला ‘हजर’ यांचे मूळ एकच; हजर असलेल्यांनी दिलेला तो कागद. त्यावर पाटलाचा नांगर, शेटे-महाजनांचा तराजू अशा निशाण्या उमटत. येथेही प्रत होतीच : पाटीलकीच्या वाटणीत कोणाचा नांगर वर आणि कोणाचा खाली, हे करारात लिहून ठेवले जाई. साक्षींनी उलगडा झाला नाही, तर दिव्य. तापलेल्या तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी फोड आला का ते पाहायचे.

शिवेचा तंटा आला की मात्र हा सारा मानाचा क्रम उलटा होई. गावची शीव राखणे हे महाराचे काम. कोणता दगड कोठे होता, ओढ्याने पात्र कधी बदलले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? त्यामुळे तेथे त्याचा शब्द सर्वांत वजनदार ठरे. पाटील-कुलकर्णी चावडीवर बसलेले आणि ज्याला त्या चावडीपासून अंतर राखून उभे राहावे लागे, तोच पुढे होऊन शीव चालून दाखवी. त्याच्या पावलांमागे गाव चाले. निवाडा लिहून झाला, की तो पुन्हा त्याच अंतरावर जाऊन उभा राही.