सप्तर्षींतली धडधड

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात अंगणात अंथरूण टाकलं की सप्तर्षी दिसतात, आपल्या आज्यांची ‘बाज’. त्याच भागात १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं दूर एम ८२ ही दीर्घिका आहे. तिच्या मध्याजवळ क्ष-किरणांचे प्रखर ठिपके सापडले. हे किरण हवेतच अडतात, म्हणून दुर्बिणी अंतराळात न्याव्या लागतात. एवढं तेज म्हणजे कृष्णविवरच, असं बहुतेकांनी धरलं होतं. २०१४ साली नासाच्या ‘नुस्टार’ दुर्बिणीला त्यातला एक ठिपका दर १.३७ सेकंदांनी धडधडताना आढळला. कृष्णविवर असं ठोके देत नाही! तो होता शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढणारा न्यूट्रॉन तारा, रुंदी जेमतेम शहापूर ते मुरबाड. शोधनिबंधाच्या लेखकांत श्रीनिवास कुलकर्णीही आहेत, कुरुंदवाडला जन्मलेले, सुधा मूर्तींचे भाऊ.