दसऱ्याआधीचे मैदान

बीड जिल्ह्यातील हायस्कुलांच्या मैदानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रथमच हे कबूल करावे लागते की, पुण्यामुंबईचे लोक ज्यास मैदान म्हणतात ती वस्तू या मुलखात फार उशिरा आली. आणि आली तेव्हाही मुरमाचा एक उतार, कडेला लिंबाची चार झाडे आणि मध्ये फक्कीने आखलेली, पहिल्याच पावसात पुसून जाणारी कबड्डीची चौकट, एवढेच बहुधा तिचे स्वरूप राहिले.

निजामी अमदानीत शाळा तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशा पायऱ्यांनी चढत जात. वरच्या पायऱ्यांवर शिक्षण उर्दूतून चाले, आणि फौकानियाचा उंबरठा ओलांडणे हे वतनदाराच्या, वकिलाच्या किंवा कचेरीतील अंमलदाराच्या मुलाचेच भाग्य असे. कुणब्याच्या पोराची व्यायामशाळा निराळी होती. ती गावच्या तालमीत, तांबड्या मातीत भरे, आणि तिची परीक्षा जत्रेच्या फडात, रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरू होई. अमरावतीस 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे खेडूत पाहून सर दोराबजी टाटांना हिंदी खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना सुचली, आणि 1920 साली अँटवर्पला संघ गेलाही. परंतु त्याच सुमारास निजामाच्या संस्थानात वारे उलट वाहत होते. ज्या जिल्ह्यातील धारूरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आर्यसमाज स्थापन झाला होता, त्या जिल्ह्यात दंडबैठका काढणारा तरुण सरकारला केवळ दंडबैठका काढणारा वाटेना. आखाडा उघडण्यास परवानगी हवी, खाजगी शाळा काढण्यास परवानगी हवी, आणि 1929 च्या गश्ती निशाण 53 या सरकारी फर्मानानंतर सभा भरवण्यासही परवानगी हवी, असा तो जमाना होता. स्वामी रामानंद तीर्थ 1935 साली हिप्परग्याहून मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, शिक्षणकार्यासाठी आले आणि 1938 साली ते कार्य सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. राज्यकर्त्यांना शाळा आणि तालीम या दोहोंचे भय एकाच कारणाने वाटत होते, असे म्हणण्यास म्हणूनच प्रत्यवाय नाही. आणि खरे पाहता व्यायामाचे मोल त्यांनी नंतरच्या पुष्कळ मुख्याध्यापकांहून अधिक ओळखले होते.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली, पुढे 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि तालुक्याची शाळा हळूहळू मोठ्या खेड्यांपर्यंत उतरली. वेळापत्रकात खेळाचा तास आला खरा. पण तो गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी किंवा गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यासाठी राखलेली शिल्लक, असाच पुष्कळ ठिकाणी समजला गेला. मुलांचे पाय मात्र या अनास्थेवर अवलंबून नव्हते. शाळा एका गावी आणि घर दुसऱ्या, मधली वाट बैलगाडीची. घंटा चुकली तर छडी ठरलेली, म्हणून मूल धावे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे, ज्याचे आईवडील वीटभट्टीवर काम करीत, तो असाच सहा किलोमीटरवरील शाळेला कधी चालत तर कधी पळत जाई. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, आणि अडथळ्यांची शर्यत, म्हणजे स्टीपलचेस, त्याला भेटली ती फौजेत. 2018 साली त्याने या शर्यतीतला गोपाल सैनींचा 37 वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूमागे अवघ्या पाच शतांश सेकंदांनी तो दुसरा आला. आणि 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले. कुस्तीत पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 साली राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले, पण त्यासाठी त्यालाही पुण्याच्या तालमी गाठाव्या लागल्या. दोघांचीही विद्या पिकली ती जिल्ह्याबाहेर. हे यश आमच्या शाळांचे म्हणून मिरवताना जरा संकोच वाटावा, असे मला वाटते.

खेळाचे मोल या जिल्ह्याने मानले ते पोटाच्या मार्गाने. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आणि पोलीस भरतीचे सोळाशे मीटर म्हणजे काय, हे येथील दहावीच्या पोरास भूगोलाहून चांगले पाठ असते. पहाटे डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या उजेडात, मुले आणि आता मुलीही पळताना दिसतात. त्यास भाकरीची धाव म्हणून कोणी नाक मुरडू नये. तालमीतला पोरगाही रेवडीसाठीच उतरत होता.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि त्यांच्यामागे पुष्कळदा पोरे. हंगामी वसतिगृहे आहेत, तरी वर्ग विरळ होतोच. शाळांचे वार्षिक सामने बहुधा डिसेंबर-जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या जोडीने होतात. म्हणजे ज्या मुलांच्या अंगात शेताचा आणि वाटेचा कस सर्वांत अधिक मुरलेला, तीच नेमकी त्या दिवशी कारखान्याच्या थळात, पाचटाच्या कोपीत असतात. तेव्हा ज्या शाळांच्या पटावर अशी मुले आहेत त्यांच्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे, की वार्षिक शर्यती दसऱ्यापूर्वी घ्याव्यात.