न काढलेल्या रेषांचा इतिहास

चित्रकाराची योग्यता त्याने काय रेखाटले यावरून ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आभासी वास्तव या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या विद्येचा इतिहास मात्र, काय रेखाटावयाचे नाही या विवेकाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

१९६८ साली अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी डोक्यावर चढवावयाच्या एका यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन डोळ्यांसाठी दोन चिमुकल्या चित्रनळ्या, आणि मस्तकाची हालचाल मोजणारा, छतापासून लोंबणारा दांडा. मान वळविली की समोरचे चित्रही त्या मानाने बदले. सेकंदाला ३० चित्रे या गतीने सुमारे ३,००० रेषा दाखविणे एवढीच त्या यंत्रणेची शक्ती. यास्तव दृष्टीच्या टापूबाहेरच्या रेषा छाटून टाकणारे स्वतंत्र यंत्रांग तीत होते. आणि वस्तूची मागील बाजू झाकण्याचा खटाटोप टाळून तारेच्या सांगाड्यासारखी पारदर्शक आकृतीच दाखविली जाई. पुढे त्यांचे शिष्य जेम्स क्लार्क यांनी १९७६ साली असे सुचविले की, एकाच वस्तूच्या ढोबळ व तपशीलवार अशा अनेक प्रतिकृती ठेवाव्या आणि ती दूर असेल तेव्हा ढोबळ प्रतिकृतीवरच भागवावे.

ही काटकसर कशासाठी? मान वळली आणि चित्र मागाहून वळले, तर डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते. आम्हां वकिलांस परस्परविरोधी साक्षींची सवय असते. देहास ती नसते. तो मळमळीच्या रूपाने तत्काळ निकाल देतो, आणि त्या निकालावर अपील नाही!

२०१६ साली ऑक्युलस रिफ्ट हे यंत्र बाजारात आले, तेव्हा त्याच्या पडद्यांवर सेकंदाला ९० चित्रे उमटत. म्हणजे एका चित्रास सेकंदाचे जेमतेम ११ सहस्रांश मिळत, आणि दर सेकंदास २३ कोटींहून अधिक ठिपके उजळावे लागत. इतके करूनही चित्र पुरे होईतो मान किंचित हललेली असतेच. म्हणून अगदी अखेरच्या क्षणी मस्तकाची ताजी स्थिती पाहून, तयार चित्रच त्याप्रमाणे थोडे सरकविण्याची युक्ती योजण्यात आली. मनुष्याची दृष्टी मध्यभागीच्या लहानशा टापूतच तीक्ष्ण असते, याचाही पुढे लाभ घेण्यात आला. २०२३ साली आलेले प्लेस्टेशन व्हीआर२ नजरेचा मागोवा घेऊ शकते. त्यामुळे जेथे नजर तेथे चित्र बारकाईने काढून, कडेचे ढोबळ ठेवणे शक्य होते.

यंत्रांची शक्ती अफाट वाढली, तरी सदरलँड यांची छाटणी काही सुटली नाही. कारण यंत्र बदलले, पाहणारा देह तोच राहिला. असे यंत्र विकणारा त्यात ठिपके किती, हे अभिमानाने सांगेल. वाचकांनी त्यास, मान वळविल्यावर चित्र किती लवकर वळते, एवढेच विचारावे.