नवेगावचा बांध आणि चितमपल्लींचं वानप्रस्थ

परवा मावसभावाचा फोन आला. पुण्यात असतो, चांगली नोकरी, फ्लॅटचे हप्ते वगैरे सगळं रीतसर. म्हणाला, "दादा, सगळं सोडून जंगलात जाऊन राहावंसं वाटतं. मनाला शांती नाही." मी म्हटलं, आपल्याच गोंदिया जिल्ह्यात ये ना मग. फोन ठेवला आणि कपाटातून 'चकवाचांदण' काढलं. रात्रीचे दोन वाजले.

मारुती चितमपल्लींनी आत्मचरित्राला 'एक वनोपनिषद' असं उपनाव दिलंय. उपनिषद म्हणजे गुरूच्या जवळ बसून शिकणं. आता गंमत बघा. हा माणूस काही सोडून बिडून जंगलात गेला नव्हता. सोलापूरचा मुलगा (जन्म १९३२), कोइमतूरला वनखात्याचं शिक्षण घेतलं, नोकरीला लागला, बदल्या होत गेल्या. त्यातली एक बदली नवेगावबांधची. पगार होता, फायली होत्या, वरिष्ठ होते. १९९० साली रीतसर निवृत्त झाले. म्हणजे संन्यास वगैरे काही नाही, सरकारी नोकरी!

आणि तरी त्या नोकरीत जे घडलं त्याला साधनेशिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही.

नवेगावला त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. हे गावचेच. ऋतूंच्या खुणा, प्राण्यांच्या सवयी, पाखरांची गावातली नावं हे सगळं त्यांना ठाऊक. अधिकाऱ्यानं आपल्या हुद्द्याचं ओझं बाजूला ठेवून गावच्या माणसाच्या मागोमाग चालायचं, तो सांगेल ते टिपून घ्यायचं, हे आजही सोपं नाही, तेव्हा तर नसेलच. मला वाटतं चितमपल्लींचा खरा त्याग हाच. लंगोटी लावणं त्यामानानं सोपं.

पुढे त्यांनी संस्कृत शिकून घेतलं, जुन्या ग्रंथांतली पशुपक्ष्यांची नावं जंगलातल्या नावांशी ताडून पाहिली. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द त्यांनीच रूढ केला. पहिलं पुस्तक आलं ते पन्नाशी गाठल्यावर, १९८३ मध्ये. 'पक्षी जाय दिगंतरा' हे नाव जनाबाईच्या अभंगातलं. एवढी वर्षं नुसतं पाहायचं, ऐकायचं आणि गप्प राहायचं. (आम्ही जंगलात एक दिवस जातो आणि संध्याकाळी पोस्ट टाकतो. असो.)

नागझिऱ्यातही अशी माणसं येऊन गेली. व्यंकटेश माडगूळकर तिथं राहिले आणि त्यांनी त्या जंगलाच्याच नावाचं पुस्तक लिहिलं. किरण पुरंदरे तर चारशे दिवस राहिले. त्यावर स्वतंत्र लिहायचंय, बघू कधी जमतं.

पण मला भावाला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या नवेगावच्या पाण्यावर चितमपल्लींनी पाखरं पाहिली तो तलाव निसर्गानं दिलेला नाही. नावातच 'बांध' आहे! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. कोहळी म्हणजे आपल्याकडचे तलाव बांधणारे, ऊस आणि धान पिकवणारे. भोवतीच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, बांध पुरा करायला त्या देवींनी मदत केली अशी लोककथा आहे. कोलू पाटलांचा पुढे कोलासुर देव झाला. माती वाहणाऱ्या माणसाला लोकांनी देव केलं, हे मला फार आवडतं. तर, ज्याला आपण निर्मळ निसर्ग म्हणतो तो कुणाच्या तरी घामाचा आहे.

१९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. उद्यानातली कालीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावं उठवून बाहेर श्रीरामपूरला वसवली. वाघाला जागा हवी हे मलाही पटतं. पण मोहफुलं वेचणारी, तेंदूपानं तोडणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या साधं राहत होती, त्यांना कुणी साधक म्हटलं नाही. ती बाहेर आली आणि आपण तिकीट काढून, जिप्सीत बसून शांती शोधायला आत जातो. हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय, कारण त्या जिप्सीत मी तीनदा बसलोय. चितमपल्लीही सरकारचेच माणूस होते, या व्यवस्थेच्या बाहेरचे नव्हते. फक्त ते तिथं ऐकायला बसले, आणि ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव त्यांनी लिहून ठेवलं.

२०२५ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि १८ जूनला सोलापुरात ते गेले. वय ९२. ज्या गावातून निघाले तिथंच परत.

भाऊ डिसेंबरात येतोय म्हणे, पाहुणी पाखरं बघायला. नवी दुर्बीणही घेतलीय. आमच्या मामाजींना सांगितलं तर म्हणाले, "येऊ दे त्याला. पहिले पाळीवर कोलासुराच्या पाया पडाले ने, मंग पाखरं दाखव."