डार्वेनचे आठ गुण

लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न आणि बोल्टन या दोन मोठ्या गावांच्या मध्ये, डोंगरांच्या खोबणीत, डार्वेन हे गिरण्यांचे गाव वसलेले आहे. गावात कोठेही उभे राहिले तरी ‘इंडिया मिल’ या सूतगिरणीचे सुमारे तीनशे फूट उंचीचे धुराडे दृष्टीस पडते. १८६७ साली पुऱ्या झालेल्या या धुराड्याला व्हेनिसच्या घंटाघराचा घाट देण्याची हौस मालकांना झाली होती. या टापूतील मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरांचे कापड विणले जाई; तेव्हा डार्वेनचे नाव मुंबईकराला अपरिचित असले, तरी त्या बाजूचा माल त्याच्या अंगावर असण्याचा संभव पुष्कळच होता. इंग्लंडच्या फुटबॉलच्या दप्तरात मात्र हे गाव निराळ्याच कारणाने नोंदले गेले. १८९८–९९ च्या हंगामात लीगच्या दुसऱ्या विभागात डार्वेनच्या क्लबवर १४१ गोल झाले. लीगच्या कोणत्याही विभागात एका हंगामात इतके गोल दुसऱ्या कोणत्याही क्लबवर झालेले नाहीत.

त्या वर्षी लीगने प्रत्येक विभागातील क्लबांची संख्या सोळावरून अठरावर नेली होती. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्यास ३४ सामने आले. डार्वेनने त्यांपैकी २ जिंकले, ४ बरोबरीत सोडविले आणि २८ गमावले. विजयाला दोन गुण व बरोबरीला एक, या हिशेबाने वर्षभराची मिळकत अवघे आठ गुण. लागोपाठ १८ पराभव झाले. नाताळच्या आदल्या दिवशी मँचेस्टरच्या न्यूटन हीथ क्लबने त्यांच्यावर नऊ गोल केले. पुढे फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीने दहा, मार्चमध्ये वॉल्सॉलने दहा आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेस लफबरोने दहा. आणि या चारही सामन्यांत डार्वेनला एकही गोल परत करता आला नाही.

तथापि या आकड्यांची फोड केली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. घरच्या मैदानावरील सतरा सामन्यांत डार्वेनवर ३२ गोल झाले. म्हणजे सामन्यामागे दोहोंहूनही कमी. त्यांचे आठही गुण घरचेच होते. बाहेरगावच्या सतराही सामन्यांत त्यांचा पराभव झाला आणि १०९ गोल अंगावर आले. संघ अगदीच टाकाऊ असता तर घरी आणि बाहेर इतका फरक पडता ना. आपल्या गावकऱ्यांसमोर हे अकरा गडी झुंजत होते. वूलिच, ल्यूटन, ग्रिम्स्बी अशा लांबच्या खेपा सुरू झाल्या, की त्यांचा निभाव लागत नसे. वॉल्सॉलची गोष्ट तर चमत्कारिकच आहे. याच वॉल्सॉलला १८९६ च्या डिसेंबरात डार्वेनने बारा गोलांनी धूळ चारली होती. सव्वादोन वर्षांत पारडे इतके फिरले.

आणि वीस वर्षांपूर्वी तर याच क्लबने सारे इंग्लंड चकित केले होते. त्या काळी इंग्लंडचा चषक म्हणजे बड्या विद्यालयांतील माजी विद्यार्थ्यांचा, सरदार-वकिलांच्या मुलांचा घरचा मामला असे. १८७९ च्या फेब्रुवारीत डार्वेनचा गिरणी-कामगारांचा संघ लंडनला ओव्हल मैदानावर ओल्ड एटोनियन्स या संघाशी भिडला. पाव तास उरला तेव्हा डार्वेन एकाविरुद्ध पाच गोलांनी मागे होता. त्या पाव तासात कामगारांनी चार गोल करून बरोबरी साधली. निकालासाठी आणखी थोडा वेळ खेळावे, ही त्यांची विनंती एटनकरांनी नाकारली. पुन्हा सामना, पुन्हा लंडन. तेथेही दोन-दोन गोलांची बरोबरी. तिसऱ्या वेळी मात्र डार्वेन ६–२ असा हरला. एटनकरांना हे सामने घरच्या अंगणातले होते; डार्वेनकरांना प्रत्येक खेपेस दोनशे मैलांचा रेल्वेप्रवास आणि बुडालेली मजुरी. हा खर्च गावाने वर्गणी काढून उचलला. चषक त्या वर्षी एटनकरांनीच जिंकला, परंतु त्यांना सर्वांत अधिक घाम कोणी फोडला याविषयी कोणाच्या मनात शंका उरली नव्हती.

डार्वेनच्या त्या संघात जेम्स लव्ह आणि फर्गस सूटर असे दोन स्कॉच खेळाडू होते. सूटर हा धंद्याने पाथरवट. इंग्लंडचा दगड फार कठीण म्हणून आपण छिन्नी खाली ठेवली, असे तो पुढे सांगत असे. छिन्नी खाली ठेवल्यावर त्याचे पोट कशावर चालले, हे उघड गुपित होते. खेळण्याबद्दल पैसे देणे तेव्हा नियमबाह्य होते. तरी क्लबाच्या चाहत्यांकडून ते पोहोचत. १८८० साली सूटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. ब्लॅकबर्न मोठे, तेथील प्रेक्षक अधिक, थैली जड. डार्वेनने काढलेली वाट ही अशी चारच मैलांवरून उलटून त्याच्या अंगावर आली. १८८१ मध्ये क्लबाने चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली, तीच त्याची परमावधी. १८८५ साली धंदेवाईक खेळ कायदेशीर झाला आणि जे आजवर गुपचूप चाले ते उघड्या बाजारात आले. बाजारात ज्याचा खिसा मोठा त्याची निवड आधी, हे निराळे सांगावयास नको.

१८८८ मध्ये लीग स्थापन झाली, तेव्हा बारांपैकी सहा क्लब लँकेशायरचे होते. त्यांत डार्वेन नव्हता. १८९१ मध्ये त्याला प्रवेश मिळाला, परंतु पहिल्याच वर्षी तो तळाशी राहिला आणि वेस्ट ब्रॉमविचने त्याच्यावर बारा गोल केले. दुसऱ्या विभागात उतरून १८९३ मध्ये तो कसोटीचा सामना जिंकून वर चढला. एका वर्षात पुन्हा खाली आला. यापुढची उतरंड मात्र थांबली नाही.

१८९८–९९ मधील त्याचे प्रतिस्पर्धी पाहिले म्हणजे झगडा किती विषम होता हे कळते. न्यू ब्रायटन टॉवर हा क्लब तर समुद्रकाठी मनोरंजनाचा मनोरा बांधणाऱ्या कंपनीने, हिवाळ्यातही गिऱ्हाईक यावे म्हणून काढलेला. ग्लॉसप हे डार्वेनसारखेच, किंबहुना त्याहून लहान, कापसाच्या धंद्याचे गाव. पण तेथे सॅम्युएल हिल-वुड हा तरुण गिरणीमालक क्लबाच्या पाठीशी पैसा घेऊन उभा होता. ग्लॉसपने लीगमधील आपल्या पहिल्याच वर्षी दुसरा क्रमांक मिळविला आणि तो पहिल्या विभागात चढला. सर्वांच्या तळाशी राहिलेला डार्वेन लीगबाहेर पडला. बार्ली बँक या आपल्या जुन्या मैदानालाही निरोप देऊन तो अँकर ग्राउंडवर गेला व लँकेशायर लीगच्या लहान सामन्यांत रमला. ज्या लफबरोने त्याच्यावर दहा गोल चढविले होते, त्याची पुढच्या वर्षी गत तीच झाली: एक विजय, आठ गुण, आणि लीगमधून निरोप.

लीगचे दार डार्वेनला पुन्हा उघडले नाही. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले महात्मा गांधी याच गावात येऊन राहिले. हिंदुस्थानातील बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणी-कामगारांनी त्यांचे जे प्रेमाने स्वागत केले, त्याचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यानंतर चारच महिन्यांनी, १९३२ च्या जानेवारीत, डार्वेनचा संघ चषकाच्या सामन्यासाठी पुन्हा एकदा लंडनला गेला. आर्सेनलने त्याला ११–१ असे हरविले. आर्सेनलचे अध्यक्ष त्या वेळी सर सॅम्युएल हिल-वुड होते. ग्लॉसपचे तेच गिरणीमालक. डार्वेनचा जुना क्लब २००९ साली मोडीत निघाला आणि गावकऱ्यांनी त्याच मैदानावर नवा क्लब उभा केला. इंडिया मिलचे धुराडे अजून उभे आहे.