हेळव्याची वही

वंशावळी जपणे हे पुराणकारांनी कर्तव्य मानले. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरे व वंशानुचरित या पुराणांच्या ५ लक्षणांपैकी २ वंशासंबंधीची आहेत आणि वायुपुराण हे काम सूतांकडे सोपविते. ख्रिस्ती धर्मग्रंथातही मत्तयाचे शुभवर्तमान येशूच्या वंशावळीनेच आरंभते.

बेळगाव-निपाणीकडे हे काम हेळव्यांनी केले. कन्नडात ‘हेळु’ म्हणजे सांगणे. सांगणे हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. सुगी सरली की हेळवी बैलावर बसून दारी येई. घराण्याचे मूळ गाव, कूळ व पूर्वजांची नावे तो म्हणून दाखवी, नव्या पिढीची नोंद करी आणि धान्याची बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. मराठी असोत वा कन्नड, दोन्ही भाषांची घरे त्याची यजमान होती.

मात्र वंश मोजला गेला तो मुलग्यांवरून. मत्तयाच्या यादीत तामार, राहाब, रूथ या स्त्रिया तरी आढळतात. आमच्या पणज्या-खापरपणज्यांची नावे कितीजणांना सांगता येतील?

म्हणून श्रोतेहो, हेळवी दारी आलाच तर त्याला विन्मुख पाठवू नका. आणि मुलाच्या नावाशेजारी मुलीचेही नाव आवर्जून लिहवून घ्या. पितृऋण आपण मानतो. मातृऋणाची नोंदही कोठेतरी राहिली पाहिजे.