आहार, स्थूलतानिवारक शस्त्रक्रियेनंतरचा

अतिस्थूलता कमी करण्यासाठी जठराच्या वा लहान आतड्याच्या रचनेत शस्त्रक्रियेने बदल केल्यानंतर रुग्णाला क्रमाक्रमाने द्यावयाच्या अन्नाची योजना. ही योजना सर्व रुग्णांना सारखी नसते. जठराचे आकारमान किती उरले, आतड्याचा कोणता भाग अन्नमार्गातून वगळला आणि रुग्णाचा मूळचा आहार कोणता, यांवर ती अवलंबून असते. तीमधील बहुतेक नियम आधी ठरवून शस्त्रक्रिया झालेल्या नाहीत. प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना झालेल्या उपद्रवांतून ते तयार होत गेले.

पूर्वपीठिका : या विषयाचे मूळ जठराच्या अन्य विकारांवरील शस्त्रक्रियांत आहे. तेओडोर बिलरोट यांनी १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे कर्करोग झालेला जठराचा भाग यशस्वी रीत्या काढून टाकला. पुढे जठरव्रणावरही अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या. त्यांनंतर काही रुग्णांना जेवण होताच घाम, छातीत धडधड, भोवळ व अतिसार होई. ए. एफ. हर्ट्‌झ यांनी १९१३ मध्ये या लक्षणांचे वर्णन केले आणि सी. एल. मिक्स यांनी १९२२ मध्ये त्यांना ‘डंपिंग’ ही संज्ञा लावली. साखरेचे प्रमाण अधिक असलेले अन्न जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरले की, रक्तातील पाणी आतड्यात ओढले जाते व हा त्रास होतो. थोडे थोडे व अनेकदा खाणे, गोड टाळणे आणि जेवताना पाणी न पिणे हे उपाय तेव्हापासूनचे आहेत.

बिलरोट यांच्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी कार्ल व्हेर्निके यांनी मेंदूच्या एका तीव्र विकाराचे वर्णन केले. त्यांच्या तीन रुग्णांपैकी एका तरुणीला सल्फ्यूरिक अम्ल प्यायल्यानंतर सतत वांत्या होत होत्या. हा विकार थायामिनाच्या (ब१ जीवनसत्त्वाच्या) अभावामुळे होतो, हे नंतर कळले. स्थूलतानिवारक शस्त्रक्रियांनंतर तोच विकार पुन्हा दिसून आला.

आंत्र-बायपास : ए. जे. क्रेमेन व त्यांचे सहकारी यांनी १९५४ मध्ये मिनेसोटा येथून लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जे. एच. पेन व एल. टी. डीविंड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आतड्याचा आरंभीचा सु. ३५ सेंमी. व अखेरचा सु. १० सेंमी. एवढाच भाग अन्नमार्गात राही. खाल्लेले पुरेसे शोषलेच जात नसल्यामुळे खाण्यावर बंधन नको, हे या शस्त्रक्रियेचे आकर्षण होते. प्रत्यक्षात तीव्र अतिसार, पोटॅशियम व कॅल्शियम यांची न्यूनता, मूतखडे आणि यकृताचा ऱ्हास हे उपद्रव उद्‌भवले. काही रुग्ण दगावले. न शोषलेली वसा आतड्यातील कॅल्शियमाला बांधून ठेवते, त्यामुळे ऑक्झॅलेट मोकळे राहून शोषले जाते व त्याचे खडे बनतात. म्हणून कमी वसेचे व पालकासारख्या ऑक्झॅलेटयुक्त भाज्या वगळलेले पथ्य सांगण्यात येऊ लागले. तथापि केवळ पथ्याने हानी टळेना, तेव्हा १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली.

जठरावरील शस्त्रक्रिया : व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन कमीच राहते, या निरीक्षणावरून एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये आयोवा येथे जठर-बायपास सुरू केला. यात जठराची लहान पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे डंपिंग होते, तसेच लोह, कॅल्शियम व ब१२ जीवनसत्त्व यांचे अभिशोषण (शोषून घेतले जाण्याची क्रिया) घटते. म्हणून ही द्रव्ये जन्मभर पूरक स्वरूपात घ्यावी लागतात.

मेसन यांनी १९८० मध्ये आतडे न वगळता जठराचा मार्ग पट्टीने अरुंद करण्याची पद्धत काढली. घन अन्न तेथे अडे. परंतु आइसक्रीम व गोड पेये सहज उतरत. एच. जे. शुगरमन व सहकारी यांनी १९८७ मध्ये दाखविले की, गोड खाणाऱ्यांचे वजन या पद्धतीने जठर-बायपासच्या मानाने कमी घटते. अशा रुग्णांना शेवटी घन अन्नच चावून खाण्यास सांगावे लागते. याउलट निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ पासून जेनोआ येथे केलेल्या शस्त्रक्रियेत जठर पुष्कळ मोठे राहते, पण पित्त व स्वादुपिंडरस अन्नात फार उशिरा मिसळतात. २००८ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत जठर-बायपाससाठी दररोज किमान ६० ग्रॅ., तर या पद्धतीसाठी ८० ते १२० ग्रॅ. प्रथिने सांगितली आहेत. २००० नंतर प्रसार पावलेल्या नलिकाकार जठराच्या शस्त्रक्रियेत जठराचा बहुतेक भाग काढतात. आतडे अखंड असल्याने अभिशोषण कमी बिघडते, मात्र अम्लपित्ताचा त्रास वाढू शकतो.

आहाराचे टप्पे : सामान्यतः प्रथम निवळ द्रव, नंतर सु. दोन आठवडे दाट द्रव, पुढे घोटलेले व मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. टाक्यांवर ताण पडू नये, हा त्यामागील हेतू. टप्प्यांचे दिवस मात्र रुग्णालयागणिक बदलतात; कारण ते तुलनात्मक प्रयोगांपेक्षा अनुभवावर अधिक आधारलेले आहेत. एका बाबतीत मतभेद नाही : शरीरातील थायामिनाचा साठा काही आठवड्यांतच संपतो. म्हणून सतत वांत्या होणाऱ्या रुग्णाला आधी थायामीन द्यावे लागते. त्याशिवाय शिरेतून ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

भारतातील परिस्थिती : एकविसाव्या शतकात या शस्त्रक्रिया भारतात रूढ झाल्या, तेव्हा पाश्चात्त्य आहारतक्ते येथे अपुरे ठरले. त्यांतील अंडी, मासे व मांस शाकाहारी रुग्णाला वर्ज्य असतात. ताक, वरणाचे पाणी व भाताची पेज पचण्यास हलकी असली, तरी लहानशा जठरात मावणाऱ्या त्यांच्या मात्रेतून प्रथिने थोडीच मिळतात. त्यामुळे घट्ट दही, पनीर, सोयाबीनचे पदार्थ व दुधातील प्रथिनांची भुकटी यांवर भर द्यावा लागतो. शाकाहारी व्यक्तींत ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता शस्त्रक्रियेपूर्वीही वारंवार आढळते, म्हणून तिची तपासणी आधीच करणे इष्ट असते. साबुदाणा व बटाटा यांवरचा उपवास अशा रुग्णाला विशेष अपायकारक होय, कारण त्यात पिष्टच अधिक असते. शस्त्रक्रियेची जखम काही आठवड्यांत भरते. बदललेल्या अन्नमार्गाचे पथ्य मात्र आयुष्यभराचे असते.